शिंपल्यांच्या चुऱ्याचा दगड

चामराजपेट, बेंगळूर
११ जानेवारी १९९८

ती. अक्का,

नमस्कार इथूनच करतो. पाया पडायला वेंगुर्ल्याला यायचं तर बेळगाव येईपर्यंतच कंबर मोडते. भाग्यलक्ष्मीचा गुडघा आणि माझा स्वभाव, दोन्ही आहे तसेच आहेत.

एक विलक्षण काम आलं आहे, ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. गेल्या आठवड्यात मी अंगणात सिमेंटच्या द्वारपालाच्या मिशा कोरत बसलो होतो. एक चष्मेवाला तरुण स्कूटरवरून आला आणि आधी हिंदीत, मग मोडक्या कन्नडात काहीतरी विचारू लागला. मी भाग्यलक्ष्मीला म्हटलं, ह्याला स्वल्प पाणी दे, काय मागतोय देव जाणे. मराठी ऐकून तो उडालाच. नाव शंतनु, पुण्याचा, कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे, बसवनगुडीत भाड्यानं राहतो. आपले पूर्वज शहाजीराजांबरोबर इथे आले आणि तेव्हापासून घरात हीच भाषा आहे, हे त्याला दोनदा सांगावं लागलं.

त्याच्या घरात पाच फूट लांबीची काचेची टाकी आहे आणि तिच्यात त्याला समुद्र ठेवायचा आहे. नुसते मासे नव्हेत. समुद्रातल्या खडकांवर जे जीव राहतात ते. त्यांना खडक लागतो. समुद्रातून उपटून आणला तर त्याच्यावरचं सगळं मरतं, म्हणून ते त्याच्या मनाला पटत नाही. हातानं खडक करता येतो असं त्यानं अमेरिकेतल्या कुठल्याशा मासिकात वाचलं. न्हाणीघरात तीनदा करून पाहिला, तीनदा भुगा झाला, आणि सुखदानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, न्हाणीघर बंद केलं. मग कुणीतरी माझं नाव सांगितलं.

अक्का, आधी हसू आलं आणि मग अंगावर काटा आला. चाळीस वर्षं मी देवळांच्या शिखरांवर देव बसवतोय. नाक-डोळे मी करायचे, पण प्राण घालायला भटजी येतात, मंत्र म्हणतात आणि तोवर मी खाली चपला राखत उभा. हा पोरगा म्हणतो, दगड चांगला झाला तर वर्षभरात त्याच्यावर जीव आपोआप धरतो. चुकला तर टाकीतले सगळे मरतात. एकदा तरी माझ्या हातच्या वस्तूत जीव यावा असं फार वाटतं बघ. आणि मेले तर ते पापही माझ्याच हातचं.

अडचण एकच. मी जन्मात समुद्र पाहिलेला नाही. तू अडतीस वर्षं त्याच्या शेजारी नांदतेस. समुद्रातला खडक कसा असतो, रंग, अंग, उभा कसा राहतो, सगळं लिही.

तुझा
गुंडो


वेंगुर्ले
२७ जानेवारी १९९८

चि. गुंडोस आशीर्वाद, आणि कमरेला तेल लाव.

पत्र वाचून रविकिरणला दाखवलं. तो म्हणाला, मामा म्हातारपणी मासे पाळणार. मी म्हटलं, पाळू दे, द्वारपाल तरी कुठे बोलतात त्याच्याशी.

तू विचारलंस ते सांगते. समुद्रातले खडक काळे असतात. लाटांनी घासून घासून गुळगुळीत होतात, शाळुंकेसारखे. एकावर एक टेकून असतात. ओले असले की चकाकतात. आणखी त्यात सांगण्यासारखं काही नाही, दगड तो दगड.

आता माझं काम ऐक. रविकिरण मागच्या आवारात स्वतःचं घर बांधणार आहे. पाया दसऱ्याला. आपल्या अप्पांच्या पिशवीतल्या जुन्या नाण्यांपैकी शेवटची शिवराई तुझ्या देव्हाऱ्यात आहे, ती माझ्या घराच्या पायासाठी ठेवायची असं अप्पा जाताना म्हणाले होते. तू तिथेच होतास. पायात शिवराई नसेल तर ते बांधकाम नव्हे, नुसता ढीग, हे त्यांचं बोलणं अजून माझ्या कानात आहे. घाई नाही, पण विसरू नकोस.

तुझी
अहल्या


चामराजपेट
१५ फेब्रुवारी १९९८

ती. अक्का,

तुझ्या सांगण्यावरून तीन दगड केले, काळा रंग घालून आणि घोटून घोटून शाळुंकेसारखे गुळगुळीत. भाग्यलक्ष्मीनं त्यातल्या एकाला चुकून हळद-कुंकू वाहिलं. शंतनु आला, बघत राहिला, हसला नाही. तो फार सभ्य मुलगा आहे. मग पिशवीतून पुस्तक काढून त्यानं फोटो दाखवले.

अक्का, तुझा समुद्र कोणता आहे? फोटोतल्या खडकाला बोटभर जागाही सपाट नाही. भोकंच भोकं, भोकांत भोकं, आणि एकेका भोकात कुणीतरी बसलेलं. शंतनु म्हणतो, गुळगुळीत दगडावर जीव धरत नाही, त्याला शिरायला जागा लागते. आता पद्धत अशी: कोंबड्यांच्या खाद्यात शिंपल्यांचा चुरा घालतात, तो आनेकलच्या पोल्ट्रीवाल्याकडून दोन पोती आणला. चार भाग चुरा, एक भाग सिमेंट, आणि त्यात जाडं मीठ. दगड वाळला की पाण्यात सोडायचा. मीठ विरघळून जातं आणि त्याच्या जागी भोकं उरतात. चाळीस वर्षं मी सिमेंटात मीठ पडू नये म्हणून गवंड्यांना शिव्या दिल्या, आणि आता मूठ मूठ घालतोय.

पण फोटो तो फोटो. मागची बाजू दिसत नाही, खालून कसा असतो ते कळत नाही. तू डोळ्यांनी बघणारी आहेस. नीट आठवून लिही.

शिवराई डबीत आहे.

गुंडो


वेंगुर्ले
२ मार्च १९९८

चि. गुंडो,

तुझं पत्र चार दिवस उशाखाली ठेवलं होतं. आता खरं लिहिते, आणि हे भाग्यलक्ष्मीला वाचून दाखवू नकोस.

मी समुद्र बघितलेला नाही. म्हणजे माडीवरून निळी रेघ दिसते ती रोज बघते. पण खाली खडकांवर मी कधी गेले नाही. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, आपल्या घरच्या बायका किनाऱ्यावर जात नाहीत, ते कोळणींचं काम. त्या गेल्या, मालक गेले, आता अडवणारं कुणी उरलं नाही, तरी पाय तिकडे वळलेच नाहीत. सवय झाली होती. बेंगळूरला पत्रात मात्र समुद्राकाठची म्हणून मिरवत होते. शाळुंकेसारखे हे मी मनानंच लिहिलं.

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी अमावास्येची मोठी ओहोटी होती. मासळी घेऊन येते ती गोजराबाई, तिला म्हटलं मला ने. ती आधी माझ्या पायांकडे बघत राहिली. मग हात धरून घेऊन गेली.

गुंडो, कसं सांगू? पाणी लांब मागे गेलेलं आणि सगळी जमीन उघडी. मी पुढे पाय टाकणार तेवढ्यात गोजराबाईनं मागे ओढलं. म्हणाली, "ह्यो नुसतो फातर नाय गे वयनी, ह्या घर आसा. हळू पाय ठेव." मी वाकले. खरंच रिकामी जागा नव्हती. एका भोकात केसाएवढ्या पाकळ्यांचं फूल डुलत होतं. माझी सावली पडली तशी ते आत पळालं. फूल पळतं हे साठाव्या वर्षी बघितलं. लाल मांसाचा गोळा दगडाला चिकटलेला होता, त्याच्यावर पाणी आलं तसा तो उमलला. खडकाच्या कडेला जांभळट गुलाबी लेप होता, मी विचारलं हा रंग कुणी लावला? गोजराबाई हसली, म्हणाली तो पण जिवंतच, वर्षानुवर्षं पसरत जातो. नखानं खरवडून बघितला, दगडासारखा टणक.

मग तिनं मला खडकाला कान लावायला सांगितलं. मी लावला. सगळा पदर भिजला. आतून कुरकुर, टिकटिक असा आवाज येत होता, हजार जणांचा. मला रडू आलं. अडतीस वर्षं हे पाऊण मैलावर चाललं होतं आणि मी दुपारी झोपत होते.

आता तुझ्या उपयोगाचं. खडक भरीव नाही, पोखरलेला आहे. खालून पाणी आरपार जातं. कमानी आहेत, त्यांच्या पोटात अंधार आहे आणि त्या अंधारात वरच्याहून जास्त गर्दी आहे. तू वरचं घोटत बसू नकोस, पोटातलं कर.

अहल्या


चामराजपेट
९ एप्रिल १९९८

ती. अक्का,

भाग्यलक्ष्मीला वाचून दाखवलं. रागावू नकोस. ती ऐकून म्हणाली, मला पण न्या.

तुझं पत्र समोर ठेवून दगड केला, पुस्तक बाजूला. ओल्या वाळूचे गोळे करून ते आत पुरले आणि त्यांच्यावर चुरा-सिमेंटचा गोळीबंद काला थापला. सुकल्यावर वाळू धुऊन काढली की पोटात खोल्याच खोल्या. एक जाड बैठक, तिच्यावर दोन अंगांची कमान, असे तीन तुकडे. लोखंडी सळई चालत नाही, गंजते आणि पाणी नासतं, म्हणून भोकं पाडून प्लास्टिकच्या कांड्या घातल्या. सांध्याला शंतनुनं दोन रंगांची लांबी, म्हणजे पुट्टी, आणली आहे, कणकेसारखी मळायची आणि लावायची. पाण्यात बुडवली तरी दगड होते. मी नाक मुरडलं, पण रात्रभर बादलीत ठेवून सकाळी हातोडा मारला तर बाजूचा दगड फुटला, सांधा नाही. तिला मनातून नमस्कार केला.

पण जोड दिसतात. वरून चुरा चिकटवला, ब्रशानं ठोकला, तरी मला दिसतात. जोड दिसला तर हात कच्चा, असं अप्पा म्हणायचे. माझ्या सगळ्या देवांचे जोड मला रस्त्यावरून दिसतात, लोकांना दिसत नाहीत म्हणून चाललंय.

आता सगळे दगड पाण्याच्या पिंपांत बुडवलेत. सिमेंटातला खार उतरायला दोन महिने लागतात, चार दिवसांआड पाणी बदलायचं. खार उरला तर जीव भाजून निघतात. तपासायच्या कागदाच्या पट्ट्या शंतनुनं अमेरिकेहून आणल्या होत्या, त्या संपल्या. मी बोटांनी बघतो, बुळबुळीत लागतं का ते, पण माझी बोटं चुन्यानं केव्हाच मेलेली आहेत. भाग्यलक्ष्मी अंगणातल्या पिंपांना कंटाळली आहे.

शिवराई सुखरूप आहे, काळजी नको.

गुंडो


वेंगुर्ले
२० एप्रिल १९९८

चि. गुंडो,

एवढी अमेरिकेची पट्टी कशाला हवी? कुंकू कसं करतात ते विसरलास का? हळदीला चुना लागला की ती लाल होते. पांढऱ्या फडक्याला हळदीचं पाणी लावून वाळव, त्याच्या पट्ट्या काप, आणि पिंपात बुडव. लाल झाली तर खार आहे. पिवळी राहिली तर दगड तयार.

मी आता दर अमावास्येला आणि पौर्णिमेला जाते. गोजराबाईनं मला रबरी चपला आणून दिल्या. आळीत चर्चा आहे, असू दे.

शिवराई सुखरूप आहे एवढंच लिहिलंस. पाठवणार कधी ते लिहिलं नाहीस.

अहल्या


चामराजपेट
२ ऑगस्ट १९९८

ती. अक्का,

इतके दिवस लिहिलं नाही. आधी आनंदानं सवड नव्हती, आणि आता लाज वाटते.

तुझी हळद जिंकली. चार आठवडे फडकं लाल होत होतं, मग नारिंगी, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात पिवळं ते पिवळंच राहिलं. शंतनुनं ऑफिसात सगळ्यांना दाखवलं म्हणे. चौघांनी मिळून दगड त्याच्या घरी चढवला, टाकीत ठेवला, मिठाचं पाणी भरलं. महिनाभर नुसतं पाणी फिरत ठेवलं. मग मद्रासहून पिशव्यांतून जीव आले. दोन नारिंगी मासे, चार पारदर्शक कोळंब्या आणि सहा गोगलगायी.

दिवा लावला तेव्हा मी टाकीसमोर जमिनीवर बसलो होतो. मासे आधी काचेला घाबरले, मग एक कमानीच्या पोटात शिरला आणि वरच्या भोकातून बाहेर आला. ती खोली मी केली होती अक्का, वाळूचा गोळा पुरून, तुझं पत्र वाचून. त्याला ती सापडली. एक कोळंबी दगडाच्या अंगावर बसून बारीक हातांनी काहीतरी वेचून खात होती. सुखदानं दिलेला चहा तसाच निवला. शिखरावरचे माझे देव कुणी असे वापरत नाहीत.

हे सुख नऊ दिवस टिकलं. दहाव्या दिवशी दोन कोळंब्या उताण्या पडलेल्या सापडल्या. मग गोगलगायी एकेक करून खाली गळून पडल्या. नवीन आणल्या, त्याही चार दिवसांत गेल्या. मासे मात्र ठणठणीत आहेत. हळद पिवळी आहे, म्हणजे खार नाही. शंतनु म्हणतो मिठाचं माप त्याचंच चुकलं. तीन वेळा पाणी बदललं, तरी तेच. काल तो म्हणाला, काका, ह्या जिवांना मारायचा मला काय अधिकार आहे, टाकी विकून टाकतो.

मी घरी येऊन जेवलो नाही. दगड माझा आहे. काय चुकलं ते कळत नाही.

गुंडो


वेंगुर्ले
१४ ऑगस्ट १९९८

चि. गुंडो,

जेवून घे. उपाशी राहून कोळंब्या उठत नाहीत.

मी गोजराबाईला विचारलं. तिला टाकीतला समुद्र ही गोष्टच पटत नाही, म्हणाली आंघोळीच्या घंगाळात देवमासा ठेवतील उद्या. पण दगडाचं तिला सांगता येईना.

इथलं सांगते, तेवढंच तुझं मन रमेल. नारळी पौर्णिमेला होड्या पाण्यात गेल्या. त्याआधी आठवडाभर किनाऱ्यावर उलट्या ठेवून त्यांना रंग देत होते. गोजराबाईच्या भाच्याची लाँच आहे, तिच्या तळाला तो तांबडा रंग लावत होता, तोंडाला फडकं बांधून. मी विचारलं, तळ कुणाला दिसतो, रंग कशाला? तो म्हणाला ह्या रंगात तांबं असतं. नाहीतर तळावर शिंपले, किडे असे धरतात की लाँच पुढे सरकत नाही. तांबं असलं की एकही जीव जवळ येत नाही, आला तर मरतो. माशांना मात्र तेवढं बाधत नाही. मला गंमत वाटली, आपण तांब्याच्या भांड्यातलं पाणी औषध म्हणून पितो आणि तेच त्यांना विष.

दसरा दीड महिन्यावर आला. शिवराई रजिस्टर पोस्टानं पाठव, नुसत्या पाकिटात घालू नकोस.

अहल्या


चामराजपेट
२३ ऑगस्ट १९९८

अक्का,

तुझं पत्र उभ्यानं वाचत होतो, तांब्याच्या ओळीला आलो आणि खाली बसलो.

आता ऐक, आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या दे. शिवराई डबीत नव्हती. मार्चमध्ये दगडाची बैठक ओतली त्या सकाळी मी आंघोळ करून देव्हाऱ्यातून ती काढली आणि बैठकीच्या मधोमध ठेवून वरून थापली. ती तुझी आहे हे मला माहीत होतं. तरी मनात आलं की अप्पांच्या अठरा शिवराया अठरा देवळांत गेल्या, आणि माझ्या हातून ह्याहून मोठं काम आता होणार नाही, तर शेवटची इथेच शोभेल. तुला सांगणार होतो की हरवली. त्या दिवसापासून प्रत्येक पत्रात तुला फसवलं.

आणि ती तांब्याची आहे. मीठ घालून, भोकं पाडून, मीच तर दगडातून पाणी आरपार जाईल अशी सोय केली होती. ज्यांच्यासाठी घर बांधलं त्यांच्या पायात मीच विष पुरलं, तेही हळद-कुंकू वाहून.

तसाच बसवनगुडीला गेलो. शंतनु-सुखदा दोघंही घरी होती. मी सांगितलं, "शंतनु, तुझं मीठ पहिल्यापासून बरोबर होतं. दगडात तांब्याचं नाणं आहे, ते मी ठेवलं." मला वाटलं आता हा मला जायला सांगेल. मग त्यानं शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि म्हणाला, "काढू या काका. रीस्टार्ट करू." सुखदानं बादल्या आणल्या. जिच्या भीतीनं आम्ही इतके महिने हळू बोलायचो, तिनंच मासे धरून दुसऱ्या टबात सोडले.

अंगणात आणून मी स्वतः छिन्नी लावली. लांबीचा सांधा सुटेना, तेव्हा कमानीच्या अंगातूनच दगड तोडावा लागला, जिथे तू सांगितलेला अंधार होता तिथेच. भाग्यलक्ष्मीनं दगड धरला. बैठक फोडली. शिवराई हिरवीगार झाली होती आणि तिच्याभोवती दगडात हिरवी वाट पडलेली, भोकाभोकांतून थेट बाहेरपर्यंत गेलेली.

ती सोबत पाठवतो. चिंचेनं घासली नाही. कशी होती ते तुला दिसावं म्हणून.

अपराधी
गुंडो


वेंगुर्ले
५ ऑक्टोबर १९९८

चि. गुंडोस अनेक आशीर्वाद.

पत्र आलं त्या दिवशी मी इतकी चिडले की उत्तर लिहिलं आणि फाडलं. पुन्हा लिहिलं, तेही फाडलं. मग अमावास्येला खडकावर जाऊन बसले. तू अप्पांच्या शब्दावर पाय दिलास ह्याचा राग आहे, तो राहील, तुझ्या अंगवळणी पडू दे. पण मीही तुला न पाहिलेल्या समुद्राच्या गोष्टी लिहीत होते. आपण दोघं एकाच घरातले, थापा मारायला कुणाकडे शिकलो देव जाणे.

दसऱ्याला पाया झाला. गवंडी म्हणाला, बाई, नाणं घासून देतो. मी नको म्हटलं. हिरव्यासकट पायात घातलं आणि रविकिरणला त्याची सगळी गोष्ट सांगितली. पिशवी रिकामी झाली, आता आपल्या घराण्यात कुणी शिवराई शोधू नये.

नवीन बैठक ओतशील तेव्हा तिच्या पायात काही घालू नकोस. फक्त पुढच्या बाजूला नारळाएवढी जागा रिकामी ठेव. खार उतरला की मला कळव.

अहल्या


पोस्टकार्ड
चामराजपेट, १ डिसेंबर १९९८

ती. अक्का, नवीन बैठक झाली, कमान जोडली, सहा आठवडे पाणी बदललं. काल फडकं पिवळं राहिलं. जागा रिकामी आहे. काय पाठवणार आहेस? गुंडो.


वेंगुर्ले
९ डिसेंबर १९९८

चि. गुंडो,

ही चिठ्ठी आणि डबा रविकिरणच्या हाती देते आहे, तो कामासाठी बेंगळूरला येतोय. डबा उघडताना खाली वाक.

आत समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यात एक दगड आहे. खडक फोडला नाही, तुझ्या त्या शंतनुला सांग. लाटेनं सुटून आलेला मुठीएवढा तुकडा गोजराबाईनं शोधून दिला. त्याच्यावर तो जांभळट लेप आहे, जिवंत. रविकिरणला वाटेत तीनदा पाणी शिंपडायला सांगितलंय, तो मला वेडी म्हणतो. अप्पा बांधकाम टिकावं म्हणून पायात नाणं घालायचे. तू हा घाल, पुरू नकोस, उजेडात ठेव.

अहल्या


चामराजपेट, बेंगळूर
३० मे १९९९

ती. अक्का,

मुद्दामच सहा महिने काही लिहिलं नाही. शंतनु म्हणाला होता, काका, घाई करायची नाही, बघत राहायचं. तो अजून ऑफिसला जायच्या आधी बघतो, सुखदा त्याच्याही आधी, आणि मी दर रविवारी चामराजपेटहून बस बदलून जातो. भाग्यलक्ष्मी गुडघ्याला पट्टा बांधून येते.

फेब्रुवारीपर्यंत काहीच नव्हतं. माझा दगड पांढरा, तुझा जांभळा, शेजारी शेजारी. कोळंब्या आणायचं धाडस कुणाला होत नव्हतं. मग सुखदानंच आणल्या. नऊ दिवस गेले, दहावा गेला, महिना गेला. एका रविवारी गेलो तर कमानीखाली कोळंबी मरून पडलेली. शंतनु म्हणाला, नीट बघा. ती रिकामी कात होती. कोळंबी वाढली होती आणि जुनं अंग टाकून वर बसली होती. मी साठीला आलेला माणूस, परक्याच्या घरात डोळे पुसत उभा राहिलो.

मार्चमध्ये बैठकीवर तुझ्या दगडाजवळ टाचणीच्या टोकाएवढा जांभळा ठिपका आला. मग दुसरा. मग ते एकमेकांना मिळाले. कुठूनशी आलेली बारीक फुलं आता माझ्या भोकांतून डोकं काढतात आणि सावली पडली की पळतात, तू लिहिलंस तशीच. मी काचेला कान लावून बघितला. मोटरचाच आवाज येतो, पण मला वाटतं आत कुरकुर आहे.

काल सुखदाची आई पुण्याहून आली होती. तिनं सगळी हकीकत ऐकली होती, शिवराईची सुद्धा. तिनं मला विचारलं, ही कमान तुम्ही तोडली होती ती कुठे? मी उठलो. तो जोड मला पाठ आहे अक्का, माझ्याच छिन्नीचा वाकडा घाव, त्यावर लांबी, आणि अप्पांना रस्त्यावरून दिसला असता इतका ढोबळ. मी टाकीजवळ गेलो, दाखवायला बोट वर केलं. जांभळा रंग बैठकीवरून कमानीवर चढून पलीकडे गेला होता. मी इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. बोट हवेत तसंच राहिलं, ते कुठे टेकवायचं ते मला कळेना.

तुझा
गुंडो